चांदव्याची चौथी काठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय शरीफ मुहादारी साहेब. भर उधाणात बोटीने, अर्ध्या भिजून का होईना, लामू बेटावर पोहोचलेल्या शिक्षण खात्याच्या मादाम न्याम्बुरा. शाळेच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या मुख्याध्यापिका बी थुरैया बिंती आथमान. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे थोरले बंधू ब्वाना शेकुवे. सर्व पालक, आजी-माजी विद्यार्थिनी. आणि माइक तोंडाजवळ धरा अशा खुणा मघापासून करत असलेले आमचे कारकून ब्वाना फमाऊ, या सर्वांना माझा आदरपूर्वक सलाम.

सूर्यास्ताला मगरिबची बांग होण्याआधी मला आटोपायचे आहे. मागे हलव्याची ताटे झाकून ठेवली आहेत, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून म्हणते. पण आज थोडा घेईन.

मी, मजुमा, या शाळेत बाईंच्या हाताखाली शिकले आणि नंतर त्यांच्याच हाताखाली शिकवू लागले. त्यांच्याविषयी काय सांगावे? नखे तपासणाऱ्या बाई. मोंबासाची मिसळ बोली वर्गात बोललात तर कान धरणाऱ्या बाई. तुर्की मालिका बघू नका असे सांगणाऱ्या, आणि परवाच्या भागात काय झाले ते आपल्याआधी ठाऊक असणाऱ्या बाई. हसा, हसा, त्यांनाही हसू येते आहे.

बाई वर्गात नेहमी एक प्रश्न विचारायच्या: “पोरींनो, तुम्ही कोण?” सोपा वाटतो ना? पण या बेटावर आपण त्याचे उत्तर समोरचा पाहुणा बघून देतो. मस्कतचा माणूस आला की आपण अरब. नैरोबीचा साहेब आला की आपण आफ्रिकी. गोरा आला की आपण ‘स्वाहिली संस्कृती’, आणि तिकीट पलीकडच्या खिडकीवर. आमच्याच बैठकीत वडिलांनी मोंबासाहून करवून आणलेला वंशवृक्ष टांगलेला होता. सगळे पुरुष, सगळे अरबस्तानातल्या हद्रामौतचे. झाड होते, पण त्यात एकही बाई नव्हती. ही माणसे उगवली कशी, असे मी लहानपणी एकदा विचारले होते. त्या दिवशी मला जेवण मिळाले नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी काहीतरी ऐकले आहे आणि कुणीच मोठ्याने बोलत नाही, ती मी सांगणार आहे. बाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “सांग. पण माझी स्तुती म्हणून सांगू नकोस.” मी प्रयत्न करते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या सांस्कृतिक महोत्सवात आपल्या शाळेने जुन्या काळच्या बायकांची मिरवणूक दाखवावी, असे ठरले. बाईंच्या घराण्यातला चांदवा त्यांच्याकडे होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे: मोठ्या घरच्या बायका रस्त्यावर निघत तेव्हा चार काठ्यांवर काळेभोर कापड धरले जाई, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबणारे. आत बायका चालत. बाहेरून दिसे ते फक्त चालणारे कापड. आणि काठ्या धरणाऱ्या? त्या बाहेर, उन्हात, उघड्या तोंडाने. त्यांना तोंड झाकायची परवानगी नव्हती. त्या कोण होत्या ते आपण सांगत नाही. सांगायची वेळ आली की आपण ‘नोकरमाणसे’ म्हणतो.

बाईंचे वडिलोपार्जित घर तेव्हा नुकतेच एका परदेशी जोडप्याने घेतले होते. त्याचे पाहुण्यांसाठी हॉटेल झाले. म्हणून चांदव्याचा पेटारा आणि चार काठ्या शाळेच्या कचेरीत आल्या. कापडाला ऊदाचा वास होता आणि त्याखाली आणखी एक, घामासारखा. ऊद धुऊन जातो, तो दुसरा वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्वाना फमाऊ माझ्याकडे आले.

“माझी काठी कोण बाहेर ठेवतं?”

“तुमची कुठली काठी?”

“ह्या चारांतली. कुलूप मी लावलं, कुलूप मीच उघडलं. तीन आत कोपऱ्यात आणि एक बाहेर, उंबऱ्यापलीकडे, भिंतीला टेकून उभी.”

मी म्हटले, पोरींची मस्करी असेल. त्यांनी काठी आत ठेवली. दुसऱ्या सकाळी ती परत बाहेर. पडलेली नाही, तिरकी नाही, कुणी बोलावण्याची वाट बघावी तशी उभी. ब्वाना फमाऊ मशिदीतून पाणी मंतरून घेऊन आले, उंबऱ्यावर शिंपडले. काठी तरीही बाहेरच. शेवटी ते कंटाळले. म्हणाले, “तिला आत यायचं नसेल तर राहू दे बाहेर.” ब्वाना फमाऊ, मान हलवता आहात म्हणजे मी खोटे बोलत नाही. आभारी आहे.

मग तालमीचा दिवस. दुपारची नमाज झाली होती, मैदानात ऊन तिरपे झाले होते. बाईंनी नावे वाचली. आत चालायला चार मुली, काठ्यांना चार मुली. आतल्या चौघी कापडाखाली गेल्या, काठ्या उचलल्या गेल्या. इतक्यात मागच्या उजव्या काठीची मुलगी बोलली. तौसी तिचे नाव, लांगोनी मोहल्ल्यातल्या कोळ्याची मुलगी. आज ती नैरोबीत कायदा शिकते आहे. तेव्हा सगळ्या शाळेत तिच्या जिभेची दहशत होती.

“बाई, एक विचारू? आतल्या चौघी म्कोमानीच्या, मोठ्या घरच्या. बाहेरच्या चौघी आम्ही. हे चिठ्ठ्या टाकून झालं का?”

“उंची बघून केलंय,” बाई म्हणाल्या.

“शामसा माझ्याहून उंच आहे, बाई. तिचं डोकं चौकटीला आपटतं.”

मुली हसल्या. कापडाच्या आतून शामसाचा आवाज आला, “अगं, नाटक आहे ते! आणि तुमच्या घरी काठ्या धरायची सवय असेलच की.”

हसणे थांबले. शामसा आज इथेच बसली आहे, आणि हे सांगायला तिने स्वतः मला सांगितले आहे.

तौसी म्हणाली, “मग आजपासून सवय मोडली.” तिने काठी सोडली आणि चालत माझ्याकडे आली.

काठी सोडली तर काय व्हावे? कोपरा खाली यावा. मी बघत होते, म्हणून शपथेवर सांगते. कोपरा खाली आला नाही.

बाई पुढे तोंड करून उभ्या होत्या, त्यांनी मागे पाहिले नव्हते. त्यांनी टाळी वाजवली. “चला.” आणि चांदवा चालू लागला. तीन कोपऱ्यांना तीन मुली. चौथ्या कोपऱ्याला काठी, सरळ, बाकीच्या तिघींच्या पावलाला पाऊल देत. काठीच्या मागे नुसते ऊन. तौसीने माझा हात धरला.

तेवढ्यात आतून शामसा ओरडली, “तौसी, हळू गं! माझ्या टाचेवर पाय देतेयस!”

तौसी माझ्याशेजारी उभी होती.

“आणि गुणगुणतेयस काय? शब्द तरी नीट म्हण!”

मी तौसीकडे बघितले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी चांदव्याच्या मागे धावले. चांदवा फाटकातून बाहेर पडला. ठरलेला रस्ता डावीकडे, समुद्राकडे; बाई पुढे त्याच वाटेने निघाल्या होत्या. चांदवा उजवीकडे वळला, गल्लीत.

गल्लीत समोरून गाढवे येत होती. आपली गाढवे मंत्र्यालाही वाट देत नाहीत. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या म्झे बुनूने किटली खाली ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, जुन्या काळी चांदवा जाताना पुरुष उभे राहत तसा. नंतर मी त्याला विचारले, का वळलास? तो म्हणाला, “कुणीतरी सांगितलं, वळ.”

चांदवा बाईंच्या जुन्या घराच्या, म्हणजे आताच्या हॉटेलच्या, मागच्या भिंतीशी थांबला. तिथे दार नाही. नव्या गिलाव्याची पांढरी भिंत आहे. वरच्या गच्चीवरून ओल्या केसांची एक पाहुणी टाळ्या वाजवू लागली. तिला वाटले, खेळ आहे.

आणि मग बाई आल्या, पळत. बी थुरैया पळताना कुणी पाहिल्या आहेत? एक चप्पल वाटेतच राहिली होती. त्यांनी तो चौथा कोपरा बघितला. मला वाटले, त्या ओरडतील, कुराणातले काही म्हणतील. त्यांनी तसे काही केले नाही. त्या काठीसमोर गेल्या, नजर खाली घातली आणि म्हणाल्या,

“शिकामू, झाफरानी.”

पाय धरते तुमचे. आपण उठताबसता थोरांना म्हणतो ते शब्द. जुन्या बायका सांगत की हा सलाम मुळात घरच्या गुलामांनी धन्याला करायचा. म्कोमानीच्या मोठ्या घराण्यातल्या मुख्याध्यापिका तो एका रिकाम्या कोपऱ्याला करत होत्या.

बाहेर उभ्या असलेल्या मला काही ऐकू आले नाही. आतल्या चौघींना आले. चौघींनी वेगवेगळे, एकमेकींना न विचारता, एकच सांगितले. कोपऱ्यापाशी, अगदी कापडाला तोंड लावून, एक म्हातारी, थकलेली बाई म्हणाली, “मरहबा.” शिकामू म्हणणाऱ्याला थोरांनी द्यायचे उत्तर.

मग काठी पडली, आणि कापड मुलींच्या अंगावर कोसळले. त्यानंतरचा आरडाओरडा काही मी वर्णन करत नाही. शेजारची काठी धरलेल्या मुलीला, लहानग्या म्वानाशाला, मी नंतर जवळ घेऊन विचारले, “तू बघत होतीस ना? मग काठी सोडून का पळाली नाहीस?” ती म्हणाली, “मी सोडली असती तर तिच्यावर दोन कोपऱ्यांचं ओझं आलं असतं.” कुणावर, असे मी विचारले नाही. एका मुलीने हे सगळे मोबाईलवर टिपले होते. तिने ते एकदाच बघितले, मग एकदा कानाला लावून ऐकले, आणि पुसून टाकले. कुणाला दाखवले नाही. आजकालच्या मुलींच्या हातून एवढे घडते, म्हणजे त्यात काय असेल ते समजून घ्या.

त्याच संध्याकाळी बाईंनी मला घरी बोलावले. कडू कॉफी समोर गार होत होती.

“झाफरानी कोण?” मी विचारले.

“मसाल्याच्या डब्यातून उचललेलं नाव आहे, त्यावरून ओळख,” बाई म्हणाल्या. “आमच्या पणजीच्या चांदव्याची काठी धरायची. सरकारनं गुलामी उठवली तेव्हा ती गेली. पहिल्या ईदेला सलाम करायला परत आली. नवा कोरा काळा बुईबुई घालून, तोंड झाकून. पणजी मागच्या दारात उभी राहिली नि म्हणाली, आधी तो उतरव, मग आत ये. तिनं उतरवला नाही. आणि ती गेलीही नाही. दिवसभर तिथं उभी राहिली.”

“मग?”

“संध्याकाळी आपल्या घरी गेली. जगली, संसार केला. मजुमा, बाई घरी गेली, तिचं उभं राहणं मात्र तिथंच राहिलं. आमच्या घरचे मागचं दार उघडायचे तर पलीकडे कुणीतरी आहे असं वाटायचं. झाफरानी गावात, बाजारात भाजी घेताना दिसायची आणि त्याच वेळी दाराशी कुणीतरी उभं असायचं. शेवटी आजोबांनी दार बुजवलं. मला लहानपणी सांगायचे, त्या भिंतीला टेकू नकोस.”

मी घरी आले. माझी आई खवणीवर बसून नारळ खवत होती. मी तिला सगळे सांगितले. नाव ऐकले आणि तिचा हात थांबला. तिने आधी बैठकीकडे बघितले, जिथे तो वंशवृक्ष आहे. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी तिने आवाज खाली आणला.

“ती माझ्या आईची आई.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तुझ्या वडलांनी शपथ घातली होती.” मग खवणी बाजूला सारून ती म्हणाली, “मी लहान होते. आजी दिवसभर चटईवर बसलेली असायची, चालवत नव्हतं तिला. आणि रोज संध्याकाळी म्हणायची, पाय चेप गं, फार दुखतायत. मी म्हणायची, आजी, बसून बसून पाय कसे दुखतात? तर म्हणायची, बसलेय कुठं? मी उभी आहे ना.”

माझ्या आईने आणि मी त्या रात्री दिवा मालवला नाही.

आता महोत्सवाकडे येते. सगळ्यांना वाटले, बाई मिरवणूक रद्द करतील. मलाही वाटले. बाईंनी रद्द केली नाही. त्यांनी नव्याने नावे वाचली. आत तौसी, आत म्वानाशा. एका काठीला शामसा, तिने स्वतः मागून घेतली. एका काठीला मी. आणि मागच्या उजव्या काठीला, बाई म्हणाल्या, “मी.”

ब्वाना शेकुवे, आपण मोठे आहात, मी आपल्यासमोर हे बोलते आहे. त्या दिवशी आपण शाळेच्या व्हरांड्यात आलात आणि बहिणीला म्हणालात, “आपल्या बापाची मुलगी भर गावात, उघड्या तोंडानं, काठी धरणार? मग तुझं नि माझं नातं संपलं.” बाई म्हणाल्या, “दादा, एका बाईला आपण दिवसभर उभं केलं. मला तासभर चालायचं आहे.” आपण निघून गेलात. बाईंच्या भाचीच्या लग्नात त्यांना बोलावणे गेले नाही. त्या रात्री लग्नाचे ढोल सगळ्या गावाला ऐकू येत होते आणि बाई माझ्या घरी बसून निबंध तपासत होत्या. एका निबंधावर त्यांनी लाल शाईने इतक्या दुरुस्त्या केल्या, की मी तो हळूच काढून घेतला. आज आपण पहिल्या रांगेत बसला आहात. बाईंनी मघापासून तिकडे बघितलेले नाही, कारण बघितले तर त्यांना रडू येईल. त्यांना मी ओळखते.

मिरवणूक आपण पाहिलीत. पाहुण्यांनी फोटो काढले, मंत्र्यांनी भाषण केले, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. काही विपरीत घडले नाही, असे सगळे म्हणाले. मी बाईंच्या शेजारच्या कोपऱ्याला होते. अर्ध्या वाटेत त्यांचा श्वास लागला. मी म्हटले, “बदलू या का, बाई?”

त्या म्हणाल्या, “नको. हा कोपरा फार जड आहे.”

“कापडच तर आहे.”

“कापड नाही. कुणीतरी हात काढून घेतलाय, आणि सगळं माझ्यावर सोडलंय.” मग त्या हसल्या. घामाने निथळत होत्या, आणि मी त्यांना इतके आनंदाने हसताना कधी पाहिले नव्हते. काठी धरलेला तो उजवा हात आजही त्यांना खांद्यापासून वर करता येत नाही. फळ्यावर त्या डाव्या हाताने लिहू लागल्या त्याचे कारण विद्यार्थिनी विचारत असतात. हे ते कारण.

घरी जाऊन मी आईला सांगितले. ती म्हणाली, “आता टेकली असेल ती.” तिने बैठकीतला वंशवृक्ष उतरवायला सांगितला. मी म्हटले, राहू दे, वडिलांचा आहे. तेव्हा तिने त्याच्याखाली, भिंतीवरच, कोळशाने आपल्या आजीचे नाव काढून घेतले. आईला लिहिता येत नव्हते. तिने ते माझ्या हाताला धरून लिहिले. चांदवा आणि काठ्या आता संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहेत. चारही काठ्या सकाळी आतच असतात का, हे त्यांच्या पहारेकऱ्याला विचारायचे आहे त्यांनी विचारावे. मी विचारलेले नाही.

बाई, तुम्ही आता मोंबासाला लेकीकडे जाल. तिथे समुद्र आहे, पण आपला नाही. उद्यापासून तुमच्या खुर्चीवर मला बसायचे आहे. आजवर त्या खुर्चीवर म्कोमानीबाहेरचे कुणी बसलेले नाही. मंडळासमोर माझे नाव तुम्ही सुचवलेत आणि कुणीतरी विचारले, “हिचं घराणं कुठलं?” तेव्हा तुम्ही म्हणालात, “तिलाच विचारा, ती सांगेल.” कुणी विचारले नाही. म्हणून मीच आज सांगते. मी मजुमा. माझी आई हलिमा, तिची आई माशावू, तिची आई झाफरानी. त्यापुढे नाव नाही, कारण तिच्या आईचे नाव तिला कुणी कळू दिले नाही. ‘पोरींनो, तुम्ही कोण’ असे तुम्ही वर्गात विचारायचात. उत्तर द्यायला मला उशीर झाला, बाई, पण पाठ चांगला झाला आहे.

अध्यक्ष महोदयांनी मला एवढा वेळ बोलू दिले, मादाम न्याम्बुरांनी ओल्या कपड्यांनी ऐकून घेतले, ब्वाना फमाऊंनी माइक बंद पडू दिला नाही, स्वयंपाक पाहणाऱ्या माझ्या भगिनींनी हलवा राखून ठेवला, या सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. ब्वाना शेकुवे, आपण आलात, याबद्दल आपले आभार सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, एखाद्या थोर घराण्याचा उपमर्द झाला असेल, मानकऱ्यांचा क्रम चुकला असेल, तर लहान समजून आपण मला क्षमा करावी. माझ्या पणजीचे नाव या व्यासपीठावरून घेतले, त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.